कुत्री का भुंकतात?

माधवनगरच्या पेठेत रात्र निःशब्द होऊन येत नाही. सांगलीला खेटून असलेल्या या वस्तीत यंत्रमागांचा खडखडाट हा अनेक वर्षे झोपेचा सोबती राहिला आहे. त्या आवाजात ज्यांचे बालपण गेले, त्यांना माग चालू असताना नव्हे तर माग बंद पडला म्हणजे जाग येते, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. परंतु त्याच माणसांची झोप गल्लीच्या टोकाशी एक कुत्रे भुंकू लागले की हमखास मोडते. पहिल्याला दुसरे साथ देते, दुसऱ्याला तिसरे. कुठे तरी खिडकी उघडते, एक दगड भिरकावला जातो, केकाटण्याचा आवाज येतो आणि पाच मिनिटांच्या शांततेनंतर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहावीच्या अभ्यासाला बसलेला मुलगा, सकाळच्या शाळेला जाणाऱ्या शिक्षिका, दिवसभर कचेरीत आकड्यांशी झुंजून आलेला कारकून यांची या बाबतीतील तक्रार मुळीच खोटी नाही.

तरीही या तक्रारीत एक कोडे आहे. मागाचा आवाज मोठा आणि अखंड असूनही तो झोपू देतो. भुंकणे थांबून थांबून येते, पण ते झोपू देत नाही. याचे कारण असे की, माग कोणाला काही सांगत नसतो. भुंकणे मात्र कोणी तरी ऐकावे म्हणूनच निर्माण झालेला आवाज आहे, आणि हजारो वर्षे कुत्र्याच्या सहवासात राहिलेल्या माणसाचा कान त्या हाकेला झोपेतही ओ देतो. ओ देऊन झाल्यावर हाक कशासाठी होती याची चौकशी करण्याचे मात्र माणसाने सोडून दिले आहे.

वास्तविक ही चौकशी मराठी भाषेने पूर्वीच करून ठेवली आहे. कुत्रे केवळ भुंकत नाही. ते गुरगुरते, वसकन अंगावर येते, मार बसला की केकाटते, दाराशी कुईकुई करते, रात्री हेल काढून रडते. यांतील प्रत्येक शब्दाला निराळा प्रसंग आहे, आणि गुरगुरण्याच्या जागी केकाटणे हा शब्द वापरण्याची चूक खेड्यातील सहा वर्षांचे मूलही करणार नाही. ज्या शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी ही शब्दसंपत्ती घडविली, त्यांना कुत्र्याचे म्हणणे समजून घेणे भाग होते. मेंढरांच्या वाड्याशी लांडगा आला आहे की शेजारच्या वाड्यावरचा पाहुणा, हे अंधारात कुत्र्याच्या आवाजावरूनच ठरवावे लागे. शहरातील दिवे लागले आणि ही गरज संपली. शब्द उरले, कान गेला.

विज्ञानाने हा विषय गंभीरपणे हाती घेतला तो मात्र बऱ्याच उशिरा. कुत्र्याचा पूर्वज असलेला लांडगा फारसा भुंकत नाही. त्याच्या एकूण आवाजांत भुंकण्याचा वाटा अगदी थोडा असतो आणि तोही बहुतांशी धोक्याच्या वेळचा. कुत्रे मात्र ऊठसूट भुंकते, म्हणून त्याचे भुंकणे ही माणसाळण्यातून जडलेली निरर्थक खोड असावी, असे कित्येक अभ्यासकांना वाटत असे. २००४ साली कॅलिफोर्नियातील सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅककोवन यांनी दहा कुत्र्यांच्या ४६७२ भुंकण्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले, तेव्हा या समजाला मोठा धक्का बसला. दारावर परका आला असता, एकटे कोंडले असता आणि खेळताना, अशा तीन प्रसंगी ही ध्वनिमुद्रणे केली होती. परक्यावरचे भुंकणे खर्जातले, खरखरीत आणि भराभर येणारे होते. एकटेपणातले उंच स्वराचे, स्वच्छ आणि सुटे सुटे होते. तेच कुत्रे, तोच गळा, पण प्रसंगागणिक आवाजाची घडण बदलत होती.

याच सुमारास हंगेरीत बुडापेस्टच्या ऑटव्हश लोरांड विद्यापीठात पेटर पोंग्रात्स, आडाम मिकलोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. हे भुंकणे माणसाला कळते काय? तिकडच्या मुडी नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांचे आवाज त्यांनी लोकांना ऐकविले आणि प्रसंग ओळखावयास सांगितले. केवळ अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत त्यापेक्षा स्पष्टपणे अधिक उत्तरे बरोबर आली. त्याहून नवलाची गोष्ट ही की, ज्यांनी जन्मात कुत्रे पाळले नव्हते तेही कुत्रे पाळणाऱ्यांच्या फारसे मागे पडले नाहीत. पुढे जन्मांध व्यक्तींवर हाच प्रयोग झाला आणि त्यांनाही हे साधले. २००८ साली त्याच मंडळींनी चौदा कुत्र्यांची सहा हजारांहून अधिक भुंकणी संगणकाला दिली, तेव्हा सहा प्रसंगांपैकी नेमका प्रसंग त्याने शेकडा ४३ वेळा ओळखला. २०२४ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी माणसाचे बोलणे समजण्यासाठी घडविलेली संगणकप्रणाली ७४ कुत्र्यांच्या आवाजांवर चालवून पाहिली आणि यशाचे प्रमाण शेकडा सत्तरपर्यंत नेले. या बातम्या वाचून कुत्र्याच्या भाषेचा शब्दकोश आता बाजारात येणार अशी हाकाटी ज्यांनी केली, त्यांनी जरा सबुरीने घ्यावे. भुंकण्यात शब्द नाहीत. त्यात आहे ती मनःस्थिती. राग, भीती, उतावीळ, एकाकीपणा यांची प्रतवारी आवाजाच्या उंचीत, खरखरीतपणात आणि दोन भुंकण्यांमधील अंतरात उमटते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ युजीन मॉर्टन यांनी १९७७ सालीच दाखवून दिले होते की, पशुपक्ष्यांत धमकीचा आवाज जाड व खरखरीत आणि विनवणीचा वा भीतीचा आवाज बारीक व सुरेल असण्याकडे कल असतो. तान्ह्या मुलाशी बोलताना आवाज चढवून लाडे लाडे बोलणारी आजी आणि दम भरताना आवाज खाली आणणारे मुख्याध्यापक याच नियमाने चालतात.

कुत्र्याचा आवाज कान देऊन ऐकण्यासारखा आहे, हे सिद्ध होण्यासाठी बुडापेस्टची वाट पाहण्याचे माधवनगरकरांना खरे तर कारण नव्हते. येथून काही मैलांवर मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य होते. १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले आणि मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला दूरदूरचे गवई येऊन सेवा रुजू करतात. या थोर गवयाने टिपू मियाँ नावाचे एक कुत्रे पाळले होते आणि त्याला स्वरात स्वर मिसळण्यास शिकविले होते. त्याच्या ‘गायना’चे जाहीर प्रयोगही झाले. त्या काळी यावर थट्टा झाली असेल आणि आजही ही हकीगत गमतीने सांगितली जाते. परंतु ज्या कानाला श्रुतीचा सूक्ष्म फरक सहन होत नसे, त्या कानाला कुत्र्याच्या गळ्यात दखल घेण्याजोगे काही सापडले, ही गोष्ट केवळ गमतीवारी नेण्यासारखी नाही.

गल्लीतल्या भुंकण्याकडे वळले की पहिला प्रश्न येतो तो समूहाचा. एक भुंकले की सारी का भुंकतात? कॅथरीन लॉर्ड, मार्क फाइनस्टाइन आणि रेमंड कॉपिंजर या अमेरिकन अभ्यासकांनी २००९ साली याचे एक पटण्याजोगे उत्तर मांडले. घुबड दिवसा बाहेर पडले की कावळे जसा त्याच्याभोवती गिल्ला करतात, किंवा कुंपणात साप दिसला की साळुंक्या जशा कलकलाट करतात, तशाच प्रकारचे हे वर्तन आहे. धोका समोर आहे. पळावे तर जागा सुटते, अंगावर जावे तर जीव जाईल. या कात्रीत सापडलेला प्राणी जागा न सोडता ओरडतो आणि सोबत्यांना गोळा करतो. कुत्र्याच्या बाबतीत ती न सुटणारी जागा म्हणजे त्याची गल्ली, त्याची पिल्ले, त्याला अन्न मिळण्याचे ठिकाण. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण निम्मी खरी ठरते ती यामुळेच. भुंकत असेपर्यंत कुत्र्याचा निर्णय झालेला नसतो. खिडकीतून आलेला दगड तो निर्णय करून टाकतो. भीती वाढली की कुत्रे एक तर पळते, नाही तर चावते. आणि पुष्कळदा आधी पळते व दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाणाऱ्या निरपराध पोराच्या पोटरीवर तो हिशेब चुकता करते.

दुसरी गोष्ट ऋतूची. भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून मराठीत जे वाक्प्रचार आहेत ते चारचौघांत उच्चारण्याजोगे नसले, तरी त्यांमागचे निरीक्षण पक्के आहे. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांचा विणीचा काळ बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. त्या दिवसांतले रात्रीचे रण हे नरांच्या आपसांतील झुंजींचे असते. गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचे, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास पिल्ले जन्मतात आणि मग पडक्या भिंतीआड किंवा पेठेतील गाळ्यांच्या पायऱ्यांखाली व्यालेली कुत्री जवळून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकू लागते. काल अंगाशी शेपटी हलविणारी कुत्री आज दूधवाल्यावर का धावते, याचे उत्तर त्या पायरीखाली डोकावल्यास मिळते. अर्थात डोकावावे ते दुरूनच.

तिसरी गोष्ट ऐकण्याच्या क्षमतेची. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. कुत्र्याची त्याच्या दुपटीहून अधिक. ‘उगाच भुंकते आहे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ‘उगाच’ हा शब्द बहुधा माणसाच्या बहिरेपणाचा असतो. रात्रपाळी सुटून येणाऱ्या कामगाराची सायकल वळणावर येण्यापूर्वीच गल्लीतली कुत्री ती ओळखतात आणि गप्प पडून राहतात. त्याच वळणावर परकी पावले आली की उठतात. या ओळखीची कोणी दखल घेत नाही, कारण त्या वेळी काही ऐकूच येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे माणसाकडे किती बारीक लक्ष असते, हे कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले आहे. कोणतेही शिक्षण नसलेल्या मोकाट कुत्र्यांना माणसाने बोट दाखविलेली दिशा समजते काय, हे त्यांनी तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जी कुत्री भीती टाकून जवळ आली, त्यांपैकी शेकडा सुमारे ऐंशी बोटाच्या दिशेने गेली.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शिराळा, वाळवा या तालुक्यांत उसाच्या फडाशेजारी वस्ती करून राहणाऱ्यांना हे पटवून देण्याची गरज पडत नाही. बिबट्याने उसात घर केल्यापासून तेथे कुत्र्याचे भुंकणे हा प्रत्यक्ष जीवनमरणाचा विषय झाला आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या अन्नाच्या वजनापैकी शेकडा ३९ इतका वाटा एकट्या पाळीव व मोकाट कुत्र्यांचा असल्याचे आढळले. म्हणजे वस्तीवरचे कुत्रे एकाच वेळी राखणदार आहे आणि भक्ष्यही आहे. त्याच्या भुंकण्याने घर जागे होते आणि त्याच भुंकण्याने बिबट्याला त्याचा ठावही लागतो. २०२१ च्या मार्चअखेर तर सांगली शहरात भर वस्तीत बिबट्या शिरला आणि वनखात्याची मोठी धावपळ झाली. ज्या गावात हे घडू शकते, तेथे रात्रीच्या अनोळखी भुंकण्याला केवळ शिवी हासडून कूस बदलणे शहाणपणाचे नाही.

बंगल्याच्या फाटकावर साखळीने बांधलेल्या किंवा सदनिकेच्या गॅलरीत दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याचा प्रकार याहून निराळा आहे, आणि त्याबद्दल सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. घरातील दोघेही नोकरीवर जातात, मुले शिकवणीला जातात आणि हौसेने आणलेले ते जातिवंत जनावर सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत एका लयीत उंच, सुटे भुंकत राहते. यिन यांनी नोंदलेले एकटेपणाचे भुंकणे ते हेच. शेजारी भांडतात, प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जाते आणि मालक ठासून सांगतो की, आमचा कुत्रा कधीच भुंकत नाही. त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. तो घरी आला की ते भुंकत नाही.

धर्माच्या नावाने कुत्र्याचा मोठा मान राखणारा हा मुलूख आहे. पलूस तालुक्यातील औदुंबरला आणि जवळच्याच नृसिंहवाडीला गुरुवारी गर्दी लोटते ती ज्या दत्तात्रेयाच्या दर्शनासाठी, त्याच्या पायाशी चार वेदांचे प्रतीक म्हणून चार श्वान आहेत. खंडोबाच्या भक्तांनी तर स्वतःला वाघ्या म्हणवून घेत देवापुढे भुंकण्याचे व्रत स्वीकारले. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते. शुक्रवारी सकाळी मात्र गल्लीतील कुत्र्याला गुरुवारच्या भक्तीचा कोणताच अनुभव येत नाही.

या साऱ्यातील एक भुंकणे असे आहे की जे ओळखता न आल्यास माणूस दगावतो. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या घशाचे स्नायू निकामी होऊ लागतात आणि त्याचा आवाज बदलतो. तो घोगरा होतो, चिरकतो, भुंकण्याच्या शेवटी विचित्र हेल येतो. जगात या रोगाने मरणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसे भारतातली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. चावल्याबरोबर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुणे आणि विलंब न लावता लस घेणे एवढेच हाती असते. गल्लीतल्या कुत्र्याचा नेहमीचा आवाज ज्याच्या कानात बसला आहे, त्यालाच तो बिघडल्याचे कळणार. जेथे सगळीच भुंकणी सारखी वाटतात, तेथे हा इशारा फुकट जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली मोकाट कुत्र्यांविषयी एकामागून एक आदेश दिले. ऑगस्टमध्ये आधी दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. अकरा दिवसांतच, २२ ऑगस्टला, तो बदलून नसबंदी व लसीकरण झालेली निरोगी कुत्री मूळ जागी सोडावीत आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात असे सांगण्यात आले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून पुन्हा तेथे सोडू नयेत असा आदेश निघाला. शाळेच्या पटांगणात मुलांच्या अंगावर कुत्री धावू नयेत, यात दुमत होण्यासारखे काही नाही. परंतु गावच्या गाव कुत्र्यांपासून मोकळे करण्याची जी भाषा त्यानंतर ऐकू येऊ लागली, तिच्यामागे भुंकण्याच्या कारणांचा विचार दिसत नाही. जेथे अन्न आहे तेथील कुत्री हलविली की शेजारच्या गल्लीतील येतात. नव्या आलेल्यांच्या हद्दी ठरलेल्या नसतात, माणसांची ओळख नसते, आणि दोन्ही गोष्टी भुंकूनच ठरवायच्या असतात. २०२३ च्या नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. माधवनगरची अडचण अशी की, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका हद्दीपलीकडे आणि ग्रामपंचायत हद्दीअलीकडे. महापालिकेची गाडी हद्दीवरून परत फिरते, ग्रामपंचायतीजवळ स्वतःचा पशुवैद्यक नसतो, आणि कुत्र्यांना ही हद्द कोणी दाखविलेली नाही. दोन्ही संस्थांनी एकत्र बसून शस्त्रक्रियेची सोय सामाईक केल्यावाचून हे काम होणार नाही.

तोवर करण्याजोगे एक काम शाळांच्या आवाक्यातले आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर एक वही ठेवावी. किती वाजता, कोणत्या कोपऱ्यावर, कोणत्या कुत्र्याने सुरुवात केली, आवाज जाड होता की बारीक, तेथे त्या वेळी काय होते, एवढेच त्यात लिहावे. महिन्याअखेर वर्गातील चाळीस वह्या एका नकाशावर उतरविल्या तर खाटकाच्या दुकानामागचा ढिगारा, मंगल कार्यालयातून फेकलेल्या पत्रावळी, महिनोन्महिने बंद असलेला रस्त्याचा दिवा आणि पिल्ले असलेली पायरी आपोआप दिसू लागतील. घंटागाडी कोठे वळत नाही हेही कळेल. तो नकाशा ग्रामसभेपुढे मांडावा. वहीत एक रकाना मात्र भुंकणे थांबलेल्या कुत्र्यांसाठी राखून ठेवावा. रेबीजचा एक प्रकार असा आहे की ज्यात कुत्रे पिसाळत नाही; ते कोपऱ्यात जाऊन बसते, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि आवाज बंद होतो. अशा गप्प कुत्र्याजवळ मुले कणवेने पाणी घेऊन जातात.